काळी टाकी कोण उपसणार?

प्रवासवर्णन लिहिणे हा माझा प्रांत नाही. माझी लेखणी वकीलपत्र आणि कैफियती लिहिण्यात झिजलेली. परंतु २०२४ च्या मे महिन्यात, न्यायालयाच्या उन्हाळी सुट्टीत, अमेरिकेत केलेल्या एका सहा दिवसांच्या प्रवासात जे पाहिले, ते चळवळीच्या वाचकांपुढे मांडल्याशिवाय राहवत नाही. तिथले रस्ते किती गुळगुळीत आणि इमारती किती उंच, हे सांगण्यासाठी हा लेख नाही. हा लेख एका टाकीविषयी आहे.

माझा धाकटा भाऊ अटलांटा शहरात संगणक क्षेत्रात नोकरी करतो. "दादा, आईला घेऊन एकदा या," असा त्याचा कित्येक वर्षांचा आग्रह. आई ७४ वर्षांची. विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या नगरपालिकेत तिने ३१ वर्षे सफाई कामगार म्हणून काढली. झाडू, घमेले आणि हातगाडी यांच्यावर तिने आम्हा दोघा भावांना शिकवले. तर आई, मी, माझी पत्नी, मुलगी आणि भाऊ, त्याची पत्नी, त्यांचा मुलगा असे सातजण अटलांटाहून निघालो. मॉन्टगोमेरी, सेल्मा, बर्मिंगहॅम आणि पुन्हा अटलांटा असा फेरा ठरला. भावाने त्यासाठी एक आर.व्ही. भाड्याने आणली होती.

आर.व्ही. म्हणजे चाकांवरचे घर. आपल्या टेम्पो ट्रॅव्हलरपेक्षा लांब-रुंद गाडी. तिच्यात झोपायला पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, छोटीशी न्हाणी आणि संडास. साध्या मोटारीच्या परवान्यावर ती तिथे चालवता येते. पेट्रोल मात्र पाण्यासारखे पिते, लिटरला जेमतेम चार किलोमीटर. मुक्कामासाठी जागोजागी कॅम्पग्राऊंड असतात. आपल्या नंबरच्या जागेवर गाडी लावायची, खांबाला विजेची तार जोडायची, नळाला पाण्याची नळी जोडायची, की झाले घर तयार. बाहेर लाकडी टेबल आणि शेकोटीसाठी लोखंडी कडे. संध्याकाळ झाली की शेजारपाजारचे प्रवासी खुर्च्या घेऊन बाहेर बसतात, एकमेकांना हाक मारतात, बोलावून खाऊ घालतात. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी ट्रकचालक, कोणी मुलाबाळांसह सुट्टीवर निघालेले. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "कुठून आलात?" आपल्याकडे हा प्रश्न विचारला की पाठोपाठ आडनाव विचारले जाते, आणि आडनावाने भागले नाही तर गावातली आळी. तिथे "इंडिया" म्हटले की प्रश्न संपायचा आणि कढीचा वास कशाचा येतोय हा दुसरा सुरू व्हायचा.

आता टाकीकडे वळतो. या गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी करडी, तिच्यात बेसिन आणि न्हाणीचे सांडपाणी जाते. तिसरी काळी, तिच्यात संडासाची घाण साठते. दोन-तीन दिवसांनी ही काळी टाकी रिकामी करावी लागते. त्यासाठी कॅम्पग्राऊंडच्या एका बाजूला जमिनीत गटाराचे तोंड असते. तिथे गाडी नेऊन लावायची, हातमोजे चढवायचे, जाड नळी जोडायची, खटका ओढायचा. आधी काळी टाकी आणि मग करडी, म्हणजे सांडपाण्याने नळी धुऊन निघते. शेवटी पाणी मारून जागा स्वच्छ करायची आणि मागच्यासाठी वाट मोकळी करायची. या कामाला माणूस मिळत नाही. ज्याची गाडी, त्याची घाण, त्याचेच हात.

मॉन्टगोमेरीजवळच्या मुक्कामातली सकाळ. भाऊ हातमोजे घालून खाली वाकला होता. आई पायरीवर बसून चहा पीत होती. तिने पाहिले आणि कप तसाच ठेवून उठली. "अरे बाबू, याच्यासाठी शिकवलं का तुले? सर बाजूले, मी करतो," म्हणत तिने त्याच्या हातातली नळी ओढली. भाऊ हसत समजावत होता. आई हसत नव्हती. तिचे हात थरथरत होते. ३१ वर्षे तिने ज्या कामापासून आम्हाला चार हात लांब ठेवले, पगाराच्या दिवशीही ज्या कचेरीच्या दारात आम्हाला कधी नेले नाही, ते काम तिचा इंजिनिअर मुलगा परदेशात जाऊन करतोय, हे तिला सोसवेना.

तेवढ्यात आमच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या गाडीतून एक गोरे गृहस्थ उतरले. सत्तरी ओलांडलेले, सडपातळ. आमचा खोळंबा होतोय असे समजून ते मदतीला आले, नळीचे एक टोक त्यांनी स्वतःच नीट बसवून दिले आणि मग आपली पाळी येताच आपली टाकी रिकामी केली. भावाने विचारल्यावर कळले, की ते शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. आई त्यांच्याकडे एकटक पाहत होती. नंतर ती मला म्हणाली, "हेडमास्तर आपलीच घाण काढते अन् लाजतबी नाही. मंग आपल्याकडे आमालेच काऊन लाजवलं सारं जनम?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मी वकील असूनही देऊ शकलो नाही.

इथे एक खुलासा करतो. अमेरिका म्हणजे समतेचा स्वर्ग, असे मला सांगायचे नाही. हेच मुख्याध्यापक संध्याकाळी शेकोटीशी बसले तेव्हा समजले, की पती-पत्नी दोघे घर विकून वर्षभर गाडीतच राहतात. उन्हाळ्यात एका उद्यानात कॅम्पची देखभाल करतात, त्यात तिथले संडास धुणेही आले, आणि त्या बदल्यात त्यांना फुकट जागा मिळते. हौस अर्धी, निवृत्तिवेतन पुरत नाही ही अडचण अर्धी. अशा गाडीतच राहून हंगामी मजुरी करणाऱ्या वृद्धांवर जेसिका ब्रुडर यांचे 'नोमॅडलँड' हे पुस्तक २०१७ मध्ये आले आणि पुढे त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले. तेव्हा तिथेही गरिबी आहे, वर्ग आहे. पण संडास धुणारा तो माणूस रात्री आमच्याच शेकोटीशी, आमच्याच ताटातली पोळी खात बसला होता. त्याच्या कामाचा डाग त्याच्या जन्माला लागलेला नव्हता, आणि त्याच्या नातवाला लागणार नव्हता.

अमेरिकेत हा डाग कोणाच्या जन्माला लावला गेला होता, हे तिसऱ्या दिवशी समजले. सेल्माजवळ, अलाबामा नदीच्या काठच्या कॅम्पमध्ये, आमच्या शेजारी एका कृष्णवर्णीय कुटुंबाची आर.व्ही. होती. आजी-आजोबा, मुलगी, जावई आणि तीन नातवंडे. मुले मुलांत मिसळली आणि मग मोठ्यांचे बोलणे सुरू झाले. आजोबा शिकागोचे. लहानपणी, १९५० च्या दशकात, ते दर उन्हाळ्यात आईवडिलांबरोबर मोटारीने अलाबामात आजीकडे येत. त्यांनी सांगितले, की वडील निघण्यापूर्वी गाडीत तीन गोष्टी न चुकता ठेवत. जेवणाचा डबा, कारण वाटेतल्या हॉटेलात वाढत नसत. पेट्रोलचा डबा, कारण प्रत्येक पंपावर पेट्रोल मिळेल याची खात्री नसे. आणि एक बादली, कारण पंपावर पेट्रोल दिले तरी तिथल्या संडासाला त्यांच्यासाठी कुलूप असे. आई आणि बहिणींना रस्त्याकडेच्या झाडीत, नाहीतर त्या बादलीवर भागवावे लागे.

मग आपल्या आलिशान गाडीच्या दारावर थाप मारून ते म्हणाले, की निवृत्त झाल्यावर मी ही गाडी का घेतली ठाऊक आहे? हिच्यात माझा पलंग आहे, माझी चूल आहे, माझा संडास आहे. कोणाच्या दारात उभे राहून विचारावे लागत नाही.

आईला हे भावाने मराठीत सांगितले. ती उठून त्यांच्या पत्नीजवळ जाऊन बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी बराच वेळ त्या हात हातात घेऊन बसल्या होत्या.

त्या काळी अशा प्रवाशांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिकाच निघत असे. हार्लेममध्ये राहणाऱ्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या कृष्णवर्णीय पोस्टमनने ती १९३६ मध्ये सुरू केली. 'ग्रीन बुक' या नावाने ती ओळखली जाते. कोणत्या गावात कोणते हॉटेल, कोणते घर, कोणता पंप आपल्याला दारात उभे करील, याची ती यादी. तीस वर्षे ती निघत राहिली. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, त्याच्या शेजारचेच हे हार्लेम.

आपल्या बापजाद्यांना अशी पुस्तिका मिळाली नाही. मिळाली असती तरी तिच्यात काय छापले असते? १९०१ साली बाल भीमराव आपल्या भावंडांसह वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले, तेव्हा मसूर स्टेशनवर जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान बैलगाडी हाकायला तयार नव्हता. मुलांनी स्वतः गाडी हाकली आणि तो बाजूने चालला. बरोबर अन्न होते, पण पाणी कोणी दिले नाही, आणि पाण्यावाचून मुले उपाशी झोपली. परदेशात शिकून परतलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि तिथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवले आहे. माणूस किती स्वतंत्र आहे हे त्याच्या गाडीच्या वेगावरून ठरत नाही. वाटेत त्याला पाणी कोण देतो, रात्री दार कोण उघडतो आणि संडासाची किल्ली कोण देतो, यावरून ते ठरते.

कायद्याचा विद्यार्थी म्हणून इथे एका खटल्याची आठवण करून देतो. अटलांटा शहरात 'हार्ट ऑफ अटलांटा' नावाचे २१६ खोल्यांचे मोटेल होते. त्या जागेवर आज दुसरे मोठे हॉटेल उभे आहे. निघताना भावाने मला तो कोपरा दाखवला होता. २ जुलै १९६४ रोजी अमेरिकेत नागरी हक्क कायदा झाला आणि हॉटेल, मोटेल, उपाहारगृहात वर्णावरून कोणाला नाकारण्यास बंदी आली. या मोटेलचा मालक स्वतः वकील. तो लगेच कोर्टात गेला. त्याचा एक युक्तिवाद ऐका. कृष्णवर्णीयांना खोली देण्याची सक्ती म्हणजे माझ्यावर लादलेली गुलामगिरी आहे, असे तो म्हणाला! जी घटनादुरुस्ती १८६५ मध्ये गुलामांना मुक्त करण्यासाठी झाली, तिचाच आधार त्याने गुलामांच्या नातवंडांना दाराबाहेर ठेवण्यासाठी घेतला. आपल्याकडे आरक्षणाविरुद्ध समतेच्या कलमाचा आधार घेणारे विद्वान पाहिले की मला हा मोटेलवाला आठवतो. १४ डिसेंबर १९६४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. प्रवास करणाऱ्या कृष्णवर्णीयांना मुक्कामासाठी वेगळी पुस्तिका लागावी इतकी अडचण असल्याची नोंदही त्या निकालात आहे.

अमेरिकेने जे १९६४ मध्ये कायद्याने दिले, ते भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात १९५० पासून लिहिलेले आहे. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, घाट, रस्ते, सर्व सर्वांना खुले. आणि हे बंधन केवळ सरकारवर नाही, खाजगी माणसावरही आहे. अमेरिकेच्या चौदा वर्षे आधी आपण हे लिहिले, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण लिहिण्यात आपण पुढे आणि पाळण्यात कुठे, याचाही हिशेब ठेवावा.

सेल्माहून मॉन्टगोमेरीकडे जाणारा रस्ता म्हणजे महामार्ग क्रमांक ८०. १९६५ च्या मार्चमध्ये मतदानाच्या हक्कासाठी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली याच रस्त्याने ५४ मैलांचा मोर्चा चालत गेला. ७ मार्चला एडमंड पेटस पुलावर पोलिसांनी पहिल्या मोर्चाची डोकी फोडली होती. २१ मार्चला लोक पुन्हा निघाले आणि २५ मार्चला मॉन्टगोमेरीला पोहोचले. वाटेत त्यांनी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या शेतात तंबू ठोकून रात्री काढल्या. आम्ही तो पूल आईचा हात धरून चालत ओलांडला. मग लाउन्स परगण्यात थांबलो. मतदार यादीत नाव नोंदवले म्हणून जमीनमालकांनी इथल्या कृष्णवर्णीय कुळांना घराबाहेर काढले होते. ती कुटुंबे याच रस्त्याच्या कडेला तंबूत राहिली, काही तर दोन वर्षांहून अधिक. आज तिथे त्यांच्या आठवणीचे संग्रहालय आहे. त्याच रस्त्यावरून आज सुट्टीवरच्या आर.व्ही. जातात. एकाने हौसेने तंबू ठोकला, दुसऱ्याला ठोकायला लावला. रस्ता तोच.

याच परगण्यात आजही अनेक गरीब कृष्णवर्णीय घरांना गटार नाही. चिकण मातीत पाणी जिरत नाही, सेप्टिक टँक परवडत नाही, म्हणून संडासाची घाण नळाने परसात सोडावी लागते. वर त्यासाठी त्यांच्यावरच खटले भरले जात. याच मातीतल्या कॅथरिन कोलमन फ्लॉवर्स या कार्यकर्तीने हा प्रश्न देशापुढे मांडला. १९६४ च्याच नागरी हक्क कायद्याखाली केंद्राच्या न्याय खात्याने चौकशी केली आणि मे २०२३ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याशी करार झाला. आम्ही गेलो तेव्हा तो चालू होता. एप्रिल २०२५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला. म्हणजे सुट्टीवर आलेल्या पाहुण्याच्या गाडीची काळी टाकी रिकामी करायला जमिनीत पक्के गटार आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्याच्या घराला नाही. हक्क कागदावरून जमिनीत उतरायला किती वेळ लागतो आणि तो किती सहज उखडला जातो, हे त्या रस्त्यावर दिसते.

शेवटचा मुक्काम बर्मिंगहॅमजवळ. तिथे एक मराठी कुटुंब भेटले. परक्या मुलखात मायबोली ऐकली की कोणाला आनंद होणार नाही? चहा झाला, पोहे झाले. मग नेहमीचा प्रश्न आला. आडनाव सांगितले, गाव सांगितले. "अच्छा, अच्छा" झाले आणि बोलण्यातला ओलावा आटला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गृहस्थ टाकी रिकामी करताना नाक मुरडून भावाला म्हणाले, "आपल्याकडे बरं असतं हो, या कामाला माणूस असतो." आई मागेच उभी होती. ती म्हणाली, "तो माणूस म्या होती, भाऊ." गृहस्थ काही बोलले नाहीत. आईही पुढे काही बोलली नाही. तिने खाली पडलेले त्यांचे हातमोजे उचलून त्यांच्या हातात दिले.

एवढ्यावर लेख संपवला असता तर सर्व दोष त्या गृहस्थावर टाकून आपण मोकळे झालो असतो. पण तसे करता येत नाही. परत आल्यावर दोन महिन्यांनी आमच्याच वसाहतीतला सेप्टिक टँक तुंबला. वसाहत आपल्याच लोकांची. कोणी प्राध्यापक, कोणी अभियंता, कोणी बँकेत. दरवर्षी १४ एप्रिलला निळे झेंडे लागतात. कंत्राटदाराने दोन पोरे पाठवली, वीस-बावीस वर्षांची. ना मुखवटा, ना दोर, ना पंप. बादली आणि फावडे. एक जण बनियनवर टाकीत उतरायच्या बेतात होता. वसाहतीतले आमचे जाणते लोक नाकाला रुमाल लावून "लवकर आटपा" म्हणत उभे होते. मी काम थांबवले. यंत्राची गाडी दुसऱ्या दिवशी आली, खर्च जास्त लागला, आणि वर्गणी वाढली म्हणून कुरबूर झाली. कुरबूर करणाऱ्यांत आपलेच लोक होते, हे मला सांगितलेच पाहिजे.

आपण त्या कामातून बाहेर पडलो. बाबासाहेबांनी सांगितले म्हणून घाणेरडी कामे सोडली, शिकलो, वर आलो. पण काम तिथेच राहिले आणि त्या जागी दुसऱ्या जातीतला, आपल्याहून दुबळा माणूस उभा राहिला. आपण फक्त रांगेतून बाजूला झालो. हा जातिअंत नव्हे.

कायदा काय म्हणतो हे प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे. २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास बंदी करणाऱ्या कायद्याच्या कलम ७ नुसार संरक्षक साधनांशिवाय कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा आहे. हे बंधन नगरपालिकेवर आहे, कंत्राटदारावर आहे, तसेच तुमच्या-माझ्यावरही आहे. कलम ९ नुसार पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. गटारात मृत्यू झाल्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख भरपाई ठरवली होती, ती २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ३० लाख झाली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत ही प्रथा पूर्ण बंद करण्याचा आदेशही न्यायालयाने दिला. निकाल भरपूर आहेत. टाकीच्या तोंडाशी उभा राहून "थांबा" म्हणणारा माणूस मात्र कमी आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच. आपल्या वसाहतीच्या, विहाराच्या, शाळेच्या, कार्यालयाच्या बैठकीत हा विषय पहिला घ्या. आपली टाकी कोण उपसतो? यंत्र येते की माणूस उतरतो? कंत्राटात काय लिहिले आहे? यंत्राचा खर्च आधीच वर्गणीत धरा, म्हणजे ऐनवेळी कोणाचा जीव स्वस्त वाटणार नाही. आणि नियम मोडून कोणाला उतरवताना दिसले, तर मोबाईलवर चित्र काढून पुढे न जाता काम थांबवा आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

आई हल्ली नातवंडांना प्रवासाच्या गोष्टी सांगते. पूल सांगते, नदी सांगते, शिकागोची आजी सांगते. पण जास्त वेळ हेडमास्तरचीच गोष्ट सांगते. ती ऐकून माझी मुलगी मागच्या रविवारी घरातला संडास स्वतः धुऊ लागली. आई दारात उभी राहून पाहत होती. यावेळी तिने ब्रश ओढून घेतला नाही.

जयभीम.